कुमुदमावशीला आणायला

आमच्या सासूबाईंना मी विमानाने न्यूझीलंडला नेऊन परत आणलं, यावर दूधविनायक गल्लीत अजून कुणाचा पुरता विश्वास बसलेला नाही. बसणार तरी कसा? या बाई गेली कित्येक वर्षं गंगा ओलांडून समोरच्या रामनगरलासुद्धा गेलेल्या नाहीत. काशीत मरण आलं तर मोक्ष आणि पलीकडच्या काठावर आलं तर गाढवाचा जन्म, असं इथे लहान मुलंही सांगतात. लोक ते हसत सांगतात. आई हसत नाहीत. क्षेत्रसंन्यास, म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द न सोडण्याचं व्रत, त्यांनी विधिपूर्वक घेतलेला नाही, पण मनाने केव्हाच घेऊन टाकला आहे. नात्यातली लग्नं प्रयागला झाली, लखनौला झाली, आई गेल्या नाहीत. "रस्त्यात काही झालं म्हणजे?" एवढंच त्यांचं म्हणणं.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन बनारसला आले त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी आईंच्या लेखी मी अजून 'देशावरची'. मी बँकेत नोकरी करते, गोदौलियाच्या गर्दीत स्वतः गाडी चालवते आणि गरजेपेक्षा जास्त बोलते. हे तिन्ही दोष त्यांनी आता पोटात घातले आहेत.

कुमुदमावशी ही आईंची धाकटी बहीण. दोघींचं बालपण बालाजी घाटाजवळ गेलं. त्यांचे वडील नाना वैदिक, घरात दिवसभर मंत्र आणि विद्यार्थी. मावशींचे यजमान गेल्यावर त्यांचा मुलगा मिलिंद त्यांना न्यूझीलंडला घेऊन गेला. तो तिथल्या एका धरणावरच्या वीजकेंद्रात इंजिनिअर आहे, एकटा आहे. बहिणींची भेट नाही, फक्त दर रविवारी फोन. अशाच एका रविवारी मावशी म्हणाल्या, "ताई, हल्ली काशीची फार आठवण येते गं."

आईंनी फोन खाली ठेवला आणि देवघरात जाऊन दिवा लावला. मग आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "कुमुदला बोलावणं आलंय. तिला आता इथे आणायला पाहिजे."

म्हातारपणी माणसाला काशीची आठवण येते ती कशासाठी, हे काशीत कुणी कुणाला समजावून सांगत नाही. मलाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. मिलिंदचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि मावशींना एकटीला येववणार नव्हतं. मी म्हटलं, मी जाऊन घेऊन येते. आई म्हणाल्या, "तू कशी? माहेराला न्यायला माहेरचंच माणूस जायला पाहिजे. मुराळी कुणी परकं असतं का? आमच्या माहेरचं आता मीच उरलेय."

म्हणजे काशीची वेस न ओलांडणारी बाई समुद्र ओलांडायला निघाली. ह्यांना विद्यापीठातून रजा मिळेना, शिवाय परक्या देशात भाड्याची गाडी चालवायची म्हटल्यावर ह्यांचा रक्तदाब वाढला. तेव्हा जायचं मी आणि आईंनी, आणि यायचं तिघींनी. परतीच्या विमानात तिसरी जागा मावशींच्या नावाने घेतली. मावशींना मात्र आईंनी एवढंच कळवलं की आम्ही भेटायला येतोय. "असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात," त्या म्हणाल्या. गल्लीत मात्र सगळ्यांना माहीत होतं. माताजी बहिणीला काशीलाभ, म्हणजे काशीत मरणाचं पुण्य, द्यायला सातासमुद्रापार चालल्या, म्हणून लोक वाटेत थांबून त्यांच्या पाया पडत होते.

बाबतपूर, दिल्ली, सिंगापूर

मार्गशीर्षातलं बनारसचं धुकं! बाबतपूरच्या विमानतळावर काचेबाहेर काही म्हणजे काही दिसेना. दिल्लीचं विमान उशिरा, त्याच्यापुढे सिंगापूरचं, त्याच्यापुढे ख्राइस्टचर्चचं. एक चुकलं की सगळीच चुकणार. मी सारखी घड्याळ बघतेय आणि आई शांतपणे जप करत बसलेल्या. विमान हललं तशी त्यांनी पदराच्या गाठीतून तुळशीचं पान काढून तोंडात ठेवलं आणि डोळे मिटले. मरण आलं तर तयारी असावी म्हणून.

"आई, अजून धावपट्टीवरच आहोत," मी म्हटलं. "गाढव व्हायला अवकाश आहे."

"गप्प बस. तोंडात पान आहे, बोलायला लावू नकोस."

दिल्लीत उतरलो तेव्हा पुढच्या विमानाचे दरवाजे बंद व्हायची वेळ झाली होती. आईंसाठी चाकांची खुर्ची मागवली होती. ती घेऊन आलेला माणूस पन्नाशीचा, मिशा पिकलेला. त्याने आईंच्या हातातला गंगेचा छोटासा सीलबंद गडू पाहिला आणि विचारलं, "माताजी, बनारस से?"

"हाँ भैया."

"हम गाजीपुर के हैं. बैठिए. बनारस की माताजी का जहाज छूटेगा तो हम घर पर क्या मुँह दिखाएँगे?"

असं म्हणून तो जो निघाला! मी मागे धापा टाकत पळतेय आणि पुढे खुर्चीत बसून आई त्याच्या मुलींच्या लग्नांची चौकशी करताहेत. आम्ही अगदी शेवटचे आत गेलो. आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा त्याने चक्क दोन मिनिटं टोपी काढून हातात धरली.

सिंगापूरला बराच वेळ मोकळा होता. तिथे विमानतळाच्या आत फुलपाखरांची बाग आहे. मी ऐकलं होतं, तरी खरं वाटलं नव्हतं. दार ढकलून आत गेलो तर उबदार ओलसर हवा, पाण्याचा आवाज आणि अंगाभोवती शेकडो फुलपाखरं. एक काळंनिळं फुलपाखरू आईंच्या खांद्यावरच्या पदरावर येऊन बसलं. आई हलेनात. लोक त्यांचे फोटो काढायला लागले तरी हलेनात. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरची धास्ती गेलेली मी पाहिली.

पुढचं विमान रात्रभराचं. सकाळी खिडकीचा पडदा वर केला तर खाली बर्फाचे डोंगर, एकामागे एक, उन्हात लखलखणारे. मी आईंना हलवून उठवलं. त्यांनी बघितलं, डोळे चोळून परत बघितलं आणि म्हणाल्या, "अगं शुभा, हिमालय इथे कसा आला?"

ख्राइस्टचर्च

या देशात बाहेरचं पान, बी, माती काहीही आत येऊ देत नाहीत. सगळं आधी कागदावर लिहून द्यायचं आणि मग दाखवायचं. आमच्या सामानात आईंनी अख्खी काशी भरलेली. काउंटरवर एक धिप्पाड, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती, हनुवटीवर गोंदण. ती तिथली मूळची, माओरी. तिने तुळस ठेवून घेतली, बेलाची पानं ठेवून घेतली. मग गडू उचलला आणि विचारलं, हे काय?

मी सांगितलं, आमच्या नदीचं पाणी आहे. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना देतात.

तिने ते आत नेलं, कुणाला तरी दाखवलं, सील नीट तपासून परत आणलं आणि दोन्ही हातांनी आईंना दिलं. म्हणाली, आमच्यातही माणूस आपली ओळख सांगताना आधी आपला डोंगर सांगतो, मग आपली नदी, आणि आपलं नाव सगळ्यात शेवटी. मी ते आईंना मराठीत सांगितलं. आई म्हणाल्या, "ही तर आपल्यातलीच निघाली. तिला विचार, तुझी नदी कोणती?" बाईने नाव सांगितलं. आईंनी मान डोलावली, जणू त्या नदीवर जाऊन आल्याच होत्या.

तुळस गेल्याचं दुःख मात्र होतं. "आता तोंडात ठेवायला काही नाही," त्या म्हणाल्या. "सांभाळून चालव."

भाड्याची गाडी विमानतळाजवळच मिळाली. एका तरुण गोऱ्या माणसाने माझा परवाना पाहिला, मग मला गाडीभोवती फिरवून सगळीकडचे फोटो काढले, जुने ओरखडे नंतर माझ्या माथी येऊ नयेत म्हणून. मला वाटलं, केवढा व्यवस्थितपणा! तेवढ्यात आईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि बॉनेटवर ठसठशीत बोट ओढलं. नवी गाडी, तिला कुंकू लावल्याशिवाय बसायचं कसं? तो माणूस क्षणभर बघत राहिला. मग त्याने त्या कुंकवाचाही फोटो काढला.

गाड्या तिथे आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, म्हणून मी निर्धास्त होते. पण ही गाडी क्लचवाचूनची. माझा डावा पाय पंचवीस वर्षांच्या सवयीने क्लच शोधायचा आणि नेमका ब्रेकवर पडायचा. गावाबाहेर पडेपर्यंत आईंचं कपाळ दोनदा पुढच्या फळीला लागता लागता वाचलं. "गोदौलियात बरी चालवतेस की," त्या म्हणाल्या. "इथे तर कुणीच नाही समोर."

कुणीच नाही. हेच मला कसं सांगावं कळत नाही. बनारसमध्ये गाडी चालवायची म्हणजे रिक्षा, सांड, शववाहिनी, वऱ्हाड आणि सायकलवरचे दूधवाले या सगळ्यांशी सतत वाटाघाटी करायच्या. इथे रस्ता सरळ पुढे जात होता, दोन्हीकडे गवताचे पिवळे डोंगर, त्यांच्यावर मेंढ्या आणि वर आभाळ. इतकं मोठं आभाळ मी पाहिलेलं नव्हतं. आपल्याकडे आभाळ गच्चीवर जाऊन बघावं लागतं. समोरून एक गाडी आली की किती तरी वेळ दुसरी यायची नाही. मला आधी छान वाटलं, मग थोडी भीती वाटली, मग त्या भीतीचंच छान वाटायला लागलं.

एका उतारावर समोर सामान लादलेला छोटा ट्रक हळू चालला होता. मी ओलांडताना सवयीने हॉर्न वाजवला. आपल्याकडे हॉर्न म्हणजे 'भाऊ, मी आहे हं' इतकंच. पण थोडं पुढे गेल्यावर बघते तर तो ट्रक दिवे लावून माझ्या मागे. मी गाडी बाजूला घेतली. एक म्हातारा शेतकरी उतरून खिडकीशी आला आणि काळजीने विचारायला लागला, काय झालं, कुणी आजारी आहे का? तिथे हॉर्न संकटातच वाजवतात. मी शरमून सांगितलं की काही नाही, आम्ही इंडियातून आलोय. त्याने आईंकडे बघितलं, त्यांच्या नऊवारीकडे बघितलं, आणि परत जाऊन गाडीतून चेरींची पिशवी आणून दिली. आईंनी त्याच्यासमोरच एक खाल्ली आणि मराठीत सांगितलं, "फार गोड आहे हो." तो खूश होऊन गेला.

डोंगरातली एक खिंड ओलांडली आणि मी गाडी थांबवली. थांबवावीच लागली. खाली निळं तळं होतं. तो निळा मला सांगता येणार नाही. आभाळासारखा नाही, समुद्रासारखा नाही. कुणी दुधात नीळ कालवून एवढी मोठी परात भरून ठेवावी तसं काहीसं. मिलिंदने नंतर सांगितलं की हिमनद्या डोंगर दळतात, त्या दगडाच्या पिठाने पाण्याला तो रंग येतो. पण तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं आणि माझे डोळे भरून आले. आई काच खाली करून बघत होत्या. नेहमीप्रमाणे हात जोडायचे ते जोडले नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

पुकाकी

मावशींचं घर एका छोट्या गावात. तिथून थोडं गेलं की पुकाकी नावाचं तळं लागतं, मघाच्या तळ्याहून मोठं, तसंच निळं. पाण्याच्या पार त्या टोकाला देशातला सगळ्यात उंच बर्फाचा डोंगर, आओराकी.

बहिणी भेटल्या ते मी लिहीत नाही. मिलिंद कुबड्या टेकत स्वयंपाकघरात निघून गेला आणि मी गाडीतलं सामान उगीच पुन्हा पुन्हा काढत बसले.

मावशींनी जेवायला निमोना केला होता. हिवाळ्यात बनारसच्या घराघरात होतो तो कोवळ्या मटारचा रस्सा, इथे बर्फातल्या मटारचा. बरोबर साधं वरण आणि भात. आईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "आईच्या हातचा." मावशी म्हणाल्या, "हिंग कमी पडला." मग दोघी मिळून आपल्या आईचा हिंग कुठून यायचा यावर भांडल्या. तिथे तेव्हा उन्हाळा, सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळायचा. तिन्हीसांजेचा दिवा कधी लावावा ते आईंना समजेना. मावशी म्हणाल्या, "भूक लागली की लाव, मी तसंच करते."

दुसऱ्या दिवशी चहा पिताना आईंनी विषय काढला. आधी गडू पुढे ठेवला. मग तिकिटाचं सांगितलं. वरची खोली रंगवून घेतली आहे, खिडकीतून गंगा दिसते, डॉक्टर गल्लीतच राहतात, सगळं सांगितलं. मावशी ऐकत होत्या. त्यांनी गडू उचलून कपाळाला लावला.

"ताई, मी नाही येणार."

आईंना आधी ऐकूच आलं नसावं. "काय म्हणालीस?"

"येणार नाही गं मी."

"तू म्हणालीस ना, काशीची आठवण येते?"

"आठवण येते म्हणाले. यायचंय कुठे म्हणाले?"

आईंचा चेहरा पडला. मग रागाने लाल झाला. "मी जीव मुठीत धरून आले, कुमुद. मुराळी होऊन आले. आपले नाना काय म्हणायचे? काशीत जन्मलेल्याने मरायला परत काशीत यावं. इथे तुझं कोण आहे? ना गंगा, ना विश्वनाथ. काशीत शेवटच्या वेळी शंकर स्वतः कानात तारकमंत्र सांगतो, इथे तुला कोण सांगणार? मिलिंदला तर गायत्रीही धड येत नसेल!"

"येते मला," मिलिंद आतून हळूच म्हणाला.

मावशी चिडल्या नाहीत. "ताई, बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर आपण बसायचो. समोर पलीकडे नुसती वाळू. मी रोज म्हणायचे, नावेने पल्याड जाऊन बघू या. तू म्हणायचीस, तिथे काही नाही, बिलकुल काही नाही. ताई, मला ते 'काही नाही'च बघायचं होतं. आता मिळालंय तर परत कशाला येऊ?"

आई उठून आत गेल्या. दोन दिवस त्या मावशींशी कामापुरतं बोलल्या. एका घरात दोन म्हाताऱ्या बहिणी, एक बागेत आणि एक देवापुढे. माझं मन त्या दोघींमध्ये हिंदकळत होतं. खरं सांगायचं तर मी आईंच्या बाजूने होते. पंचवीस वर्षं काशीत काढल्यावर माझ्याही मनात ते भिनलं असावं. मावशी इथे काशीपासून इतक्या दूर डोळे मिटणार, या विचाराने मला गलबलून यायचं.

तिसऱ्या दिवशी मी आईंना गाडीत घालून आओराकीच्या पायथ्याशी घेऊन गेले. मावशी मुद्दामच आल्या नाहीत. सगळा रस्ता पुकाकीच्या काठाने जातो, पाणी डाव्या हाताला घेऊन... नाही, उजव्या हाताला. जाताना मी इतकी बघत राहिले की परतताना मला दिशाच उलटीपालटी वाटत होत्या. एका ओढ्यावर एकाच गाडीपुरता पूल होता. अलीकडे पाटी, त्यावर दोन बाण, एक मोठा आणि एक छोटा. ज्याचा छोटा त्याने थांबायचं. माझा छोटा. पलीकडून एक गाडी येत होती, अजून कितीतरी लांब होती. आपल्याकडे मी तोवर तीनदा पार झाले असते. मी थांबले. चालकाने जाताना हात वर केला. आई म्हणाल्या, "मणिकर्णिकेच्या गल्लीत अशी पाटी लावली पाहिजे." दोन दिवसांतलं त्यांचं ते पहिलं पुरतं वाक्य.

गाडी ठेवून आम्ही थोडं चाललो. वर चढल्यावर एकदम सगळं उघडं झालं. हिमनदीची राखाडी जीभ, तिच्या तोंडाशी पाणी, पाण्यात तरंगणारे बर्फाचे गोटे आणि या सगळ्यावर तो पांढरा डोंगर. मान पूर्ण मागे टाकली तरी वरचं टोक मावेना. आई एका दगडावर बसल्या. कुठूनतरी वरून गडगडाट झाला, ढग नसताना. कुणीतरी सांगितलं, वर बर्फाचा कडा कोसळला. आवाज विरला आणि मग जी शांतता आली ती मी कधी ऐकली नव्हती. काशीत चोवीस तास घंटा, शंख, 'राम नाम सत्य है'. मला वाटलं, आपण देवाशी नेहमी आपणच बोलत असतो. त्याला बोलायला कधी जागाच ठेवत नाही. मी लहानपणानंतर पहिल्यांदा मनापासून घाबरले आणि मनापासून नमस्कार केला.

आई दगडावरूनच म्हणाल्या, "शुभा, शंकर इथवर येत असेल का गं?"

आता माझी जीभ. ती कुठे गप्प बसते? मी म्हटलं, "आई, त्यांचं घर तर बर्फातच. काशीत ते नोकरीला आहेत, माझ्यासारखे. राहायला इथेच येत असणार."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण आई हसल्या. आधी हळू आणि मग पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटी ते पाणी हसण्याचं राहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसले.

निघायच्या आदल्या दिवशी दत्तजयंती आली. आईंना पूजा करायची होती आणि ती पाण्याकाठी करायची होती. आम्ही चौघं पुकाकीच्या काठावर गेलो. मिलिंद एका कुबडीवर. वारा थंड, ऊन लख्ख, पाणी इतकं निळं की पूजेची भांडी त्यापुढे फिकी दिसत होती. एका सपाट दगडावर दत्ताची छोटी तसबीर ठेवली. आईंनी पळीत पाणी घेतलं आणि संकल्प सुरू केला.

पूजेच्या आधी आपण कोण, कुठे, कोणत्या तिथीला बसलो आहोत ते उच्चारायचं असतं. देशावर आम्ही गोदावरीच्या कोणत्या तीरावर ते सांगतो. काशीचा संकल्प वेगळा. आईंनी तो जन्मभर वडिलांच्या तोंडून, मग सासऱ्यांच्या तोंडून, मग स्वतःच्या तोंडून ऐकला आहे. त्या सवयीने म्हणायला लागल्या, "अविमुक्तवाराणसीक्षेत्रे, आनंदवने, महाश्मशाने..." आणि थांबल्या.

पळीतलं पाणी त्यांच्या तळहातावर तसंच होतं. आम्हाला वाटलं, विसरल्या. मिलिंद मदतीला म्हणाला, "भागीरथ्याः..." मावशींनी त्याला डोळ्यांनी दटावलं.

आईंनी समोर बघितलं. पाणी, वाळू, पलीकडचा डोंगर.

"कुमुद, या तळ्याचं नाव काय म्हणालीस?"

"पुकाकी."

"आणि आपण कोणत्या तीरावर बसलोय?"

मावशींनी पाण्याकडे बघितलं. "दक्षिण तीरावर, ताई."

आईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज अजिबात हलला नाही. "पुकाकीसरोवरस्य दक्षिणे तीरे," त्या म्हणाल्या, आणि पुढे मावशींचं नाव, गोत्र घेऊन म्हणाल्या की हिला आयुष्य, आरोग्य आणि सद्गती मिळो, म्हणून ही पूजा. मग हातावरचं पाणी ताम्हनात सोडलं.

पूजा झाल्यावर आईंनी गडूचं सील स्वतः फोडलं आणि एक पळी गंगा मावशींच्या हातावर घातली. मावशींनी ती घेतली, ओला हात डोळ्यांवरून फिरवला आणि ताईच्या मांडीवर डोकं ठेवलं. आई त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. उरलेला गडू त्यांनी मिलिंदकडे दिला आणि कधी, किती, कसं द्यायचं ते त्याला समजावून सांगितलं. त्याने एकेक वाक्य परत म्हणून दाखवलं. मी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले.

सकाळी निघताना मावशी फाटकापर्यंत आल्या. पुन्हा भेट होणार नाही हे दोघींना माहीत होतं. मावशींनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या होत्या. आई म्हणाल्या, "मुराळ्याला असं रिकामं पाठवायचं नाही, एवढं तरी लक्षात आहे तुझ्या." गाडी वळेपर्यंत मला आरशात मावशी दिसत होत्या. आईंनी मागे वळून बघितलं नाही.

दूधविनायक

परतीच्या विमानांमध्ये आमच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. आईंनी त्यावर आपली शाल घडी करून ठेवली होती. तोंडात ठेवायला तुळस नव्हती, तरी विमान सुटताना त्यांनी ती मागितली नाही. दिल्लीला गाजीपूरचे ते गृहस्थ दिसतात का म्हणून मात्र इकडेतिकडे पाहिलं.

बनारसला दुपारी पोहोचलो. मोटार मैदागिनच्या चौकापुढे येत नाही, म्हणून रिक्षा, मग पायी. त्या गर्दीत शिरले तशी मला एकीकडे सुटल्यासारखं वाटलं आणि एकीकडे जीव गुदमरला. कानांत हॉर्न, शेणाचा वास, तळणाचा वास, कुणाचा तरी धक्का. आई माझा दंड धरून सरसर चालत होत्या. मला काळजी होती ती गल्लीची. सगळ्यांना ठाऊक होतं, आई कशासाठी गेल्या होत्या.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याने आम्हाला आधी पाहिलं. तो दुकानातून उतरून आला, आईंच्या पाया पडला आणि आमच्या मागे बघायला लागला. आजूबाजूचे चारसहाजण थांबले.

"माताजी, बहिनजी कहाँ हैं? लाईं नहीं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आईंनी माझा दंड दाबला.

"नहीं भैया," त्या म्हणाल्या. "वो तो अपने तीरथ में बैठी है. वहाँ से उसे कैसे उठाती?"

"अच्छा? कौन-सा तीरथ है, माताजी?"

"पुकाकी."

पानवाल्याने एकदाही विचारलं नाही की ते कुठे आलं. त्याने चुन्याने माखलेले हात सदऱ्याला पुसले, जोडले आणि कपाळाला लावले.